हेल्मेट घेताना आधी माप, मग रंग

इअरफोन लावून गाडी चालवत हे ऐकत असाल, तर आधी बंद करा. घरी पोचा, मग ऐका. एपिसोड कुठे पळून जात नाही.

आजचा विषय हेल्मेट. लगेच स्किप करू नका, मी लेक्चर देणार नाहीये. हेल्मेट घालावं हे तुम्हाला माहीतच आहे. मला बोलायचंय ते वेगळं. घरात हेल्मेट असतं, तरी ते आरशाला नाहीतर कोपरात का लटकत राहतं?

माझीच गोष्ट सांगते. पावसाची पहिली सर, रस्ता निसरडा, वळणावर माझी स्कूटर घसरली. वेग जेमतेम पंचवीस-तीस. डोक्यावर हेल्मेट होतं, पण पडताना ते निघालं आणि माझ्या आधी डिव्हायडरपाशी जाऊन पोचलं. कानाच्या वर सहा टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, "हेल्मेट नव्हतं का?" मी म्हटलं, "होतं ना!"

झालं काय, तर दुकानात मी ते स्कार्फवरून घालून पाहिलं होतं. एवढा जाड स्कार्फ, मागे गाठ, त्यावर नीट बसलं ते. त्या दिवशी भिजायला नको म्हणून स्कार्फ डिकीत ठेवला. म्हणजे हेल्मेट सैल, पट्टाही सैल. चूक माझीच. त्या दिवसापासून मी हेल्मेट कपड्यासारखं नाही, चष्म्यासारखं घेते. नंबर जुळला पाहिजे.

पुण्यात 2019 च्या जानेवारीत पोलिसांनी हेल्मेटसक्ती कडक केली, तेव्हा केवढा विरोध झाला आठवतंय? मान दुखते, घाम येतो, डोकं जड होतं. आपण हसलो त्यावर. पण या तक्रारी अगदीच खोट्या नाहीत. त्यातल्या बऱ्याचशा चुकीच्या मापाच्या हेल्मेटच्या असतात. न दुखणारं हेल्मेट रोज घातलं जातं आणि रोज घातलेलंच हेल्मेट वाचवतं. म्हणजे आराम हा चोचला नाही, तो सुरक्षेचाच भाग आहे.

आता "मी हळू चालवते, कोपऱ्यावरच जायचंय" याचं गणित बघू. गाडी उभी आहे आणि तुम्ही नुसते कलंडलात. डोकं साधारण दीड मीटरवरून खाली येतं. जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी जवळपास वीस किलोमीटर असतो. गाडीचा वेग शून्य असताना!

इथे काम करतो तो हेल्मेटच्या आतला थर्माकोल. टीव्हीच्या खोक्यात असतो त्याच जातीचा, पण जास्त घट्ट दाबलेला. धक्का बसला की तो चेपतो आणि डोकं एकदम न थांबता, जरासं सावकाश थांबतं. तेवढ्या क्षणभराच्या फरकावर मेंदूची इजा कमी होते. पण एकदा चेपलेला थर्माकोल परत फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसलं तरी बदलायचं. आणि सेकंड हँड तर घ्यायचंच नाही, कारण ते आधी कुठे आपटलंय हे तुम्हाला कोण सांगणार?

तर खरेदी. घरातली शिवणकामाची टेप घ्या. भुवयांच्या वर साधारण एक इंच आणि मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग, असा घेर मोजा. समजा 58 सेंटीमीटर आला, तर लेबलवर 580 मिलिमीटर शोधायचं. नुसतं एम किंवा एल बघू नका, एका कंपनीचं एम दुसरीच्या एलएवढं असू शकतं.

दुकानात घातल्यावर ते थोडं घट्टच वाटलं पाहिजे. फुल फेस असेल तर गाल जरा दाबले जाणार, आरशात चेहरा विनोदी दिसणार, दिसू दे. आतलं अस्तर वापरून थोडं बसतं, त्यामुळे आज आरामशीर सैल असलेलं हेल्मेट सहा महिन्यांनी गदागदा हलतं. आता मान डावी-उजवी करा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरलं, तर एक माप लहान बघा.

मग पट्टा लावा, हनुवटीखाली दोन बोटं जातील इतपत. मागची कड धरून हेल्मेट पुढे ढकला. डोक्यावरून निघालं, तर ते तुमचं नाही. मी ही एक परीक्षा घेतली असती तर टाके वाचले असते.

शेवटी ते घालून दहा-पंधरा मिनिटं दुकानातच फिरा. लाजू नका. एकाच जागी टोचतंय, कपाळावर लाल वळ उठलाय, म्हणजे माप बरोबर असूनही आतला आकार तुमच्या डोक्याचा नाही. दुसरं मॉडेल मागा. चष्मा असेल तर लावून बघा. अंबाडा, स्कार्फ जे रोज असतं, त्यासकट बघा. आणि स्कार्फ कधी असतो, कधी नसतो असं असेल, तर सरळ पातळ सुती टोपीवर या.

आयएसआय मार्क तर हवाच. 1 जून 2021 पासून त्याशिवाय हेल्मेट विकायलाच परवानगी नाही. पण फुटपाथवर खोटा स्टिकरही चिकटवलेला असतो. मार्कसोबत सीएम/एल असा लायसन्स नंबर असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून तपासा. फोन हातात असतोच की!

फुल फेस की अर्धं? अर्ध्या हेल्मेटमध्ये हनुवटी आणि जबडा उघडाच राहतो, म्हणून माझं मत फुल फेसला. उकडतं, मान्य. मग हवेची भोकं मोठी असलेलं आणि अस्तर काढून धुता येणारं घ्या. काळी काच रात्री नको, पारदर्शकच बरी. धुताना साबण-पाणी पुरे. पेट्रोल किंवा थिनर लावू नका. थर्माकोलवर पेट्रोल टाकल्यावर काय होतं, ते शाळेत असताना आपण सगळ्यांनी करून पाहिलंय.

जाता जाता एक आकडा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये हेल्मेट न घातलेले 50,029 जण दुचाकी अपघातांत गेले. त्यातले 14,337 जण मागे बसलेले होते. मागे कोण बसतं आपल्या? आई, बायको, मित्र, धाकटी बहीण. त्यांना आपण काय देतो? माळ्यावरचं जुनं, पट्टा तुटलेलं, "पोलीस दिसला की घाल" वालं.

तर या रविवारी टेप काढा आणि घरातल्या सगळ्यांची डोकी मोजा. आईचं आधी. ती म्हणेल, "मला कशाला, मी कुठे जाते?" तरी मोजा. आणि आकडा फोनमध्ये लिहून ठेवा.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर सांभाळून चालवा, आणि पट्टा लावा हं, टक् असा आवाज येईपर्यंत!