कंबरदुखी : नुसतं 'बायकांचं चालायचंच' म्हणू नका
(महिला आरोग्य शिबिरातील भाषण)



गावोगावच्या बैठकांत मी विचारते, "कंबर कुणाकुणाची दुखते?" जवळजवळ सगळे हात वर होतात. "कधीपासून?" म्हटलं की, "आता आठवतही नाही बाई!" आणि दवाखान्यात काय मिळतं? एक इंजेक्शन, नाहीतर "पिशवी काढून टाका" हा सल्ला. मलाही पस्तिसाव्या वर्षी तो मिळाला होता. मी ऐकला नाही. माझं दुखणं स्नायूंचं निघालं, व्यायामाने आटोक्यात आलं.

कंबरदुखी हा एक आजार नाही, ते लक्षण आहे. बहुतेकींची कंबर दुखते ती स्नायू-सांध्यांवरच्या ताणामुळे : वाकून खुरपणी, डोक्यावर हंडे आणि मोळ्या, बाळंतपणानंतर लगेच काम. मणक्यातली चकती सरकून नस दबली, तर कळ पायापर्यंत उतरते. सकाळी कंबर आखडते आणि हालचालीने मोकळी होते, तो संधिवाताचा प्रकार असू शकतो. तो तरुणपणीच सुरू होतो. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात. बारीक ताप, वजन घटणं सोबत असेल तर मणक्याचा क्षय तपासावा लागतो. ओटीपोटात दुखून अंगावरून घाण वासाचं जात असेल, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. त्यावर औषधं आहेत. त्यासाठी सहसा पिशवी काढावी लागत नाही.

सततची काळजी, अपुरी झोप, घरातली मारहाण यांनीही दुखणं वाढतं. म्हणून ते 'मनाचे खेळ' ठरत नाही.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची सरकारी पाहणी झाली. सुमारे ८२ हजार जणींपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. कंबर मोडणारं काम मात्र तसंच राहिलं. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर हाडं लवकर झिजतात. म्हणजे दुखण्यावरचा इलाजच नवं दुखणं आणतो!

तेव्हा विचारा : माझ्या दुखण्याचं कारण काय? तपासणी कोणती केली? ऑपरेशनशिवाय उपाय कोणता? लघवीवरचा ताबा सुटला, मांड्यांमध्ये बधिरपणा आला किंवा पायातली शक्ती गेली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. एरवी अंथरुणाला खिळू नका. हळूहळू चाला, व्यायाम करा.

आणि घरी गेल्यावर हंडा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. तोही उपचारच आहे.