सेवाज्येष्ठता यादी आणि रोमचा बादशहा



मघाशी पडद्यावर आपला दहावीचा फोटो आला तेव्हा सगळे हसत होतो. मग त्यातले पाच जण आता नाहीत असं सांगितलं गेलं आणि सभागृह गप्प झालं.

मला मार्कस ऑरेलियस आठवला. इ.स. 161 ते 180 या काळातला रोमचा बादशहा. (शाळेत आपण सनावळ्या पाठ केल्या, हा माणूस मात्र राहून गेला.) स्वतःसाठी त्याने ग्रीक भाषेत टिपणं लिहिली, त्यातली काही डॅन्यूबकडच्या युद्धाच्या छावणीतली. एका टिपणात तो शंभर वर्षांमागच्या व्हेस्पेशियनच्या काळाकडे बघतो. लग्नं, आजारपणं, शेती, व्यापार, पुढेपुढे करणं, मोठ्या पदाची हाव, सगळं तेव्हाही होतं. त्यातलं कुणी उरलं नाही.

माझ्या कपाटात आमच्या खात्याच्या सेवाज्येष्ठता यादीची झेरॉक्स आहे. सात वर्षांपूर्वी पदोन्नती हुकली तेव्हापासून जपलेली, लाल पेनाच्या खुणांसकट. त्यात माझ्या वर असलेल्यांपैकी दोघे गेले. मी इतका रागावलेलो होतो, की त्यांच्या घरी भेटायलाही गेलो नाही.

मरण आठवा म्हणजे काम सोडा, असं हे स्टोइक लोक सरसकट सांगत नाहीत. मार्कस शेवटपर्यंत कामावरच होता. सेनेकाने मात्र रोमच्या धान्यपुरवठ्याचा कारभार बघणाऱ्या पॉलिनसला लिहिलं, की कोठारांचे हिशेब पुरे झाले, आता थोडं स्वतःसाठी जग. सल्ला उत्तम. पण स्वतः सेनेका नीरोच्या दरबारात राहून गडगंज झाला. इ.स. 62 मध्ये त्याने मोकळं करा म्हणून विनवलं, नीरोने सोडलं नाही, आणि 65 मध्ये त्याच्याच हुकमाने सेनेकाला जीव द्यावा लागला. त्याला फार उशिरा सुचलं, असं मला वाटतं.

मी पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. कंत्राटावर दोन वर्षं थांबा, असं साहेब म्हणाले. नव्या मुलांना टिपणी लिहायला शिकवणं मला मनापासून आवडतं. पण ज्या खुर्चीने हुलकावणी दिली, तिच्या शेजारी आणखी दोन वर्षं बसता येईल, हाही मोह आहेच. दोन्हींतलं कुठलं जास्त, ते अजून ठरत नाही.

सोमवारी उत्तर द्यायचंय. त्याआधी आज संध्याकाळी त्या दोघांपैकी एकाच्या घरी जाणार आहे. घर शाळेपासून दोनच गल्ल्या पलीकडे आहे.