शिडी कोण धरणार?

आज पदवी घेणाऱ्या वनविद्या व उद्यानविद्येच्या स्नातकांनो,

तुमच्यापैकी काही जण उद्या अकोला किंवा अमरावती महापालिकेच्या उद्यान विभागात बसतील. टेबलावर 1975 चा वृक्ष कायदा असेल. त्याने आपल्याला वृक्ष प्राधिकरण दिले, वृक्ष अधिकारी दिला, दर 5 वर्षांनी झाडांची गणना सांगितली. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे वा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला आणि झाड तोडायचेच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावायला सांगितली. पण वयाचा अंदाज ज्या घेरावरून बांधायचा, तो जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजतात, हे टेप धरणाऱ्याला कोणी सांगितलेलेच नसते. तोडणीची नोटीस झाडावर लावा, असे कायदा म्हणतो. ती खिळ्यांनी ठोकलेली मी पाहिली आहे!

माझेही ऐका. खारपाणपट्ट्यातल्या एका गावात मी रस्त्याच्या दुतर्फा बकुळ लावली. बोअरचे पाणी टँकरने घालत होतो. पानांच्या कडा जळू लागल्या, तेव्हा टँकरवरचा माणूस म्हणाला, "सायेब, या पान्यानं त मेथीबी नाई येत." मी हसलो. रोपे गेली. फाइलवर मी कारण लिहिले, 'तीव्र उन्हाळा'.

पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा मिळून सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा हा पट्टा. पाण्यातल्या सोडियमने चिकणमातीची घडण मोडते, वरचा थर बंद होतो आणि ओतलेले पाणी मुळांपर्यंत उतरत नाही. तुम्ही हे दुसऱ्या वर्षी शिकता. तो माणूस ते न शिकता जाणत होता. शिकायचे राहिले होते ते माझे. आपली भारी काळी जमीनही तशीच फसवी. एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात आणि बारीक मुळे तुटतात. आळ्यात सोयाबीनचे कुटार पसरले तर ओल टिकते. कुटाराला निविदा लागत नाही, म्हणूनच बहुधा ते कुणाला सुचत नाही.

पावसाळ्यापूर्वीची छाटणी हा तर वेगळाच विषय. कडुनिंबाचा शेंडा उडवायचा, फांदी खोडालगत सपाट कापायची, वर डांबर फासायचे, अशी आपली रीत. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंत घालते आणि पुढे वाढते. डांबराने आतली कूज थांबत नाही. फांदी खोडाला मिळते तिथे सुजल्यासारखी कड असते. ती शाबूत ठेवायची. जड फांदीला आधी खालून काप, मग थोडे पुढे वरून, म्हणजे पडताना साल सोलत नाही. उरलेला खुंट शेवटी कडेबाहेर कापायचा. शिकवायला अर्धा तासही लागत नाही.

मग हे शिकवायचे कुणाला? अधिकाऱ्यांना सभागृहात बसवून पडद्यावर चित्रे दाखवली जातात, चहा होतो, प्रमाणपत्रे वाटली जातात. करवत चालवणारा मात्र बाहेर गाडीत बसलेला असतो. तुमच्या हाती आले तर पहिला वर्ग रस्त्यावरच्या कडुनिंबाखाली घ्या, सकाळी सातला, ऊन तापायच्या आत. रस्ता खोदणारा अभियंता बोलवा, तारा सांभाळणारा वायरमन बोलवा. करवत मजुराच्या हातात असू द्या. शिडी तुम्ही धरा.