अगस्त्याचे दर्शन



विंध्याला नमवून दक्षिणेस गेलेल्या अगस्त्य ऋषींची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. त्यांच्या नावाचा तारा मात्र आपल्यापैकी किती जणांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे? हात वर करायला सांगत नाही. उत्तराचा अंदाज मला आहे.

फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. उंचावर झळाळतो तो व्याध, रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा. तेथून दृष्टी जवळजवळ सरळ खाली आणली की क्षितिजाच्या थोडा वर दुसरा ठळक तारा दिसतो. तोच अगस्त्य, तेजात व्याधाखालोखाल. अंतर सुमारे ३१० प्रकाशवर्षे. बाळाजी विश्वनाथांना १७१३ मध्ये पेशवेपद मिळाले, साधारण त्या सुमारास निघालेला प्रकाश आज आपल्या गच्चीवर पोहोचतो आहे.

हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते. पुण्याहून अगस्त्य जास्तीत जास्त १९ अंश वर येतो, म्हणजे जेमतेम दोन मुठी. दिल्लीत ९ अंशांहूनही कमी, कन्याकुमारीस २९. विंध्य ओलांडून दक्षिणेस जावे तसा हा ऋषी उंच होत जातो! कथेचे मूळ येथेच आहे, असा दावा मी करणार नाही. पण दोहोंची सांगड मनाला भावते खरी. दिल्लीतील मावशीला आणि पुण्यातील भाच्याला एकाच रात्री मुठी मोजू द्या. दोघांच्या मोजणीतला फरक म्हणजेच दोन शहरांच्या अक्षांशांतला फरक. पृथ्वीचा गोलाकार मुलांना याहून सोप्या रीतीने कळणार नाही.

‘आमच्या ग्रंथांत सारे आहे’ असे आपण अभिमानाने म्हणतो. सूर्यसिद्धान्तात अगस्त्याचे स्थान क्रांतिवृत्ताच्या ८० अंश दक्षिणेस दिले आहे. आजचे मोजमाप सुमारे ७६ अंश भरते. या चार अंशांनी लाजण्याचे कारण नाही, आणि ते लपविण्याचेही नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत अगस्त्यासाठी स्वतंत्र अध्याय लिहिला आणि त्याचा उदय देशपरत्वे निरनिराळ्या वेळी होतो, हे नोंदविले. ही माणसे आकाश पाहत होती. आपण केवळ त्यांची नावे घेतो. १९६४ मध्ये मंगळाकडे निघालेल्या मरीनर-४ या अमेरिकी यानाने दिशा राखण्यासाठी याच ताऱ्याचा आधार घेतला होता.

दक्षिणेला इमारत नसलेली गच्ची शोधा, दिवे मालवा. तारा रोज चार मिनिटे लवकर येतो. मार्चच्या मध्यास साडेसातलाच तो ऐन उंचीवर असेल आणि मे महिन्यात संधिप्रकाशात बुडून जाईल.