कच्च्या आवृत्तीचे खेळाडू



ओवे गाव, पेठपाडा व आसपासच्या सेक्टरांतल्या श्रोत्यांसाठी वसंत व्याख्यानमालेत व्हिडिओ गेमवर व्याख्यान ठेवलं म्हणून संयोजकांकडे बरीच विचारणा झाली असं कळलं. विचारणा रास्त आहे. परीक्षा संपल्यात, मुलं दिवसभर घरात आहेत आणि ‘ठेव तो मोबाइल’ यावरून घरोघरी वादावादी चालू आहे. त्या वादात मी पडणार नाही. किती वेळ खेळावं हे ज्याच्या त्याच्या घरानं ठरवावं. मला बोलायचंय ते या गर्दीतल्या थोड्या मुलांबद्दल. ही मुलं अजून तयार न झालेला खेळ मुद्दाम उतरवून घेतात, त्यात काय बिघडतंय ते शोधतात आणि बनवणाऱ्यांना कळवतात. हे काम आहे, आणि जपण्यासारखं काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

खेळाचं नाव माइनक्राफ्ट. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यातलं सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं असतं. माती, दगड, लाकूड, पाणी, सगळं. ठोकळा फोडायचा, उचलायचा, दुसरीकडे बसवायचा. कोणी घर बांधतो, कोणी बोगदा खणतो, कोणी गणिताचं यंत्र उभं करतो. जिंकायलाच पाहिजे असं काही नाही. हाती जग दिलंय, काय करायचं ते तुम्ही ठरवा, अशा खेळांना सँडबॉक्स म्हणतात. २०२३ पर्यंत या खेळाच्या ३० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या होत्या.

हा खेळ जन्मलाच अपुरा. स्वीडनमधल्या मार्कस पेर्सन या प्रोग्रामरनं १७ मे २००९ रोजी पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली तेव्हा त्यात ठोकळे रचणं आणि फोडणं यापलीकडे फारसं काही नव्हतं. मग अल्फा ही चाचणी आवृत्ती आली, डिसेंबर २०१० मध्ये बीटा ही पुढची चाचणी आवृत्ती आली, आणि ‘आता पूर्ण झाला’ असं जाहीर झालं १८ नोव्हेंबर २०११ रोजी. म्हणजे अडीच वर्षं लोकांनी पैसे मोजून अर्धवट खेळ घेतला, खेळला, आणि खेळता खेळता तो घडवला. नाटकाच्या तालमीला प्रेक्षकांना आत घेत नाहीत. इथे पहिल्याच तालमीला दार उघडं ठेवलं आणि प्रेक्षकांना सांगितलं, कुठं अडखळतंय ते बोला.

खेळ पूर्ण झाल्यावर हे दार बंद होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. पूर्ण आवृत्ती आल्यानंतर आठवड्याभरातच, नोव्हेंबर २०११ मध्ये, हा खेळ बनवणाऱ्या मोजांग कंपनीनं पुढच्या आवृत्तीचे कच्चे नमुने द्यायला सुरुवात केली. त्यांना स्नॅपशॉट म्हणतात. डिसेंबरात येन्स बर्गेनस्टेन यांच्याकडे खेळाची सूत्रं गेली, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं कंपनी अडीच अब्ज डॉलरना घेतली, तरी स्नॅपशॉट चालूच राहिले. त्यांच्या नावाची २०२५ पर्यंतची पद्धत मला आवडायची. ‘२१ डब्ल्यू ०६ ए’ म्हणजे २०२१ सालचा सहावा आठवडा, त्यातला पहिला नमुना. त्याच आठवड्यात चूक दुरुस्त करून दुसरा काढावा लागला तर ‘बी’. कोणता नमुना कधीचा हे नावातच यायचं, लपवायला जागा राहत नसे.

कच्च्या जगात काय काय सापडतं याची एक गोष्ट सांगतो. बीटाच्या काळात या खेळातलं जग जवळजवळ अमर्याद होतं, पण जगाच्या मध्यबिंदूपासून १,२५,५०,८२१ ठोकळ्यांवर गेलं की जमीन वेडीवाकडी व्हायची. डोंगरांच्या जागी आकाशाला भिडणाऱ्या, भोकं पडलेल्या भिंती उभ्या राहायच्या. जमिनीचा आकार ज्या गणितानं ठरायचा, त्यातला आकडा संगणकाच्या मापाबाहेर जायचा आणि हिशेब कोसळायचा. खेळाडूंनी या भागाला ‘फार लँड्स’ म्हटलं. सप्टेंबर २०११ मध्ये, बीटाच्या १.८ आवृत्तीत ही चूक गेली. पण अमेरिकेतले कर्ट जे. मॅक त्याच वर्षी मार्चमध्ये पायी तिकडे निघाले होते. एक ठोकळा म्हणजे एक मीटर धरला तर वाट साडेबारा हजार किलोमीटरची. दुरुस्त झालेली आवृत्ती त्यांनी घेतलीच नाही. जुन्या आवृत्तीत ते वर्षानुवर्षं चालत राहिले, आणि त्या वाटचालीतून रुग्णालयांतल्या मुलांसाठी निधी गोळा केला. चूक दुरुस्त झालीच पाहिजे. पण ती आधी कोणीतरी जवळ जाऊन, नीट डोळ्यांनी पाहिलेली असावी लागते.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते बघू, कारण खरं शिक्षण तिथे आहे. मूल सांगतं, ‘बोटीतून पडलो की कधी कधी मरतो.’ एरवी बोटीत बसून उंचावरून पडलं तर या खेळात इजा होत नाही. मग कधी कधी म्हणजे केव्हा? या प्रश्नाला घाईघाईनं उत्तर देता येत नाही. एका ठोकळ्याच्या उंचीवरून पडून बघायचं, मग दोन, मग तीन. प्रत्येक वेळी नोंद करायची. या खेळाच्या संगणकावरच्या, म्हणजे जावा आवृत्तीत ही चूक खरोखरच कित्येक वर्षं होती, आणि चिकाटीच्या खेळाडूंनी तिचे आकडे काढले. १२ ठोकळ्यांवरून पडलं तर बोट फुटते, १३ वरून फुटते, १४ वरून काही होत नाही. पुढे ४९, ५१, १११, ११४. ‘कधी कधी’ या शब्दांनी प्रोग्रामरला काहीच करता येत नाही. १२ आणि १३ हे आकडे मिळाले की तो हिशेबात नेमकं कुठं बघायचं ते शोधू शकतो.

मोजांगच्या तक्रारनोंदीत अशी चूक मांडण्याचा क्रम ठरलेला आहे. कोणत्या आवृत्तीत दिसली, काय केल्यावर दिसली, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं. त्याआधी हीच चूक दुसऱ्या कोणी कळवली आहे का ते शोधायचं. तशी नोंद आधीच असेल तर आपली नोंद तिला जोडून बंद केली जाते. हे काम बरेचदा स्वयंसेवक करतात. नोंदीला क्रमांक मिळतो, आणि चूक सुटली की पुढच्या स्नॅपशॉटच्या यादीत तो क्रमांक छापला जातो. आमच्या सोसायटीतली आठवीतली एक मुलगी या नोंदी वहीत ठेवते. डाव्या पानावर ‘काय केलं’, उजव्या पानावर ‘काय झालं’. मी ती वही पाहिली. खाडाखोड खूप आहे, पण ‘बहुतेक’ आणि ‘असं वाटतं’ हे शब्द पुढच्या पानांवर कमी होत गेलेत. विज्ञानाच्या प्रयोगवहीत आपण निरीक्षण लिहायला लावतो, आणि मुलं पुस्तकातलं उत्तर उतरवतात. इथे उतरवायला पुस्तकच नसतं.

या कामाला किंमतही मोजावी लागते. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या ज्या स्नॅपशॉटचं नाव मी मघाशी घेतलं, त्यात जगाची उंची २५६ ठोकळ्यांवरून ३८४ वर गेली. ६४ ठोकळे खाली खोली वाढली, ६४ वर उंची. खाली अजस्र गुहा. मुलं हरखली आणि त्या कच्च्या जगात घरं बांधायला लागली. १४ एप्रिलला कंपनीनं जाहीर केलं की एवढं काम एका आवृत्तीत नीट होणार नाही, दोन भाग करावे लागतील. त्याच दिवशीच्या स्नॅपशॉटमध्ये उंची पुन्हा २५६ झाली, आणि मधल्या दोन महिन्यांतली जगं नव्या नमुन्यात चालणार नाहीत असं सांगावं लागलं. जुलैपासून पुढच्या भागाचे प्रायोगिक नमुने आले. ते नेहमीच्या मार्गानं न देता वेगळी फाइल म्हणून दिले होते. हातानं उतरवून, उलगडून, योग्य फोल्डरमध्ये टाकायचे. असे सात नमुने झाले, आणि ३० नोव्हेंबर २०२१ रोजी पक्की आवृत्ती आली. तिच्यात मात्र जुन्या जगांची काळजी घेतलेली होती. जुनी जमीन नव्या जमिनीला सांधली जाईल आणि जुन्या जगाखालीही नवी खोली तयार होईल, अशी सोय होती.

म्हणून पालकांना माझं पहिलं सांगणं, स्नॅपशॉट उघडण्याआधी जगाची प्रत काढून वेगळ्या ठिकाणी ठेवायला लावा. खेळ स्वतःही तशी सूचना देतो, पण पोरं ती न वाचताच पुढे जातात. फोनवर खेळणाऱ्यांनी आणखी जपावं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमधून बीटा चाचणीत सामील होता येतं, पण बीटात गेलेलं जग नेहमीच्या आवृत्तीत परत येत नाही, आणि चाचणीत नसलेल्या मित्रांबरोबर खेळताही येत नाही. दोन वर्षं खपून बांधलेला किल्ला तिथे न्यायचा नसतो.

कळवलेलं कोणी ऐकतं का, हा प्रश्न मुलं विचारतात आणि तो महत्त्वाचा आहे. नेहमी ऐकतं असं मी म्हणणार नाही. पण ऑगस्ट २०२३ चं उदाहरण घ्या. खेळातल्या गावकऱ्यांशी होणाऱ्या देवघेवीचे नियम बदलायचं कंपनीनं ठरवलं. कोणत्या प्रदेशातला गावकरी कोणतं पुस्तक विकेल यावर बंधन आलं. खेळाडूंनी जोरदार हरकत घेतली. तो बदल आधीच ‘प्रयोग’ असा शिक्का मारून ठेवलेला होता. ज्याला हवा त्यानं चालू करावा, एरवी बंद. पुढच्या पक्क्या आवृत्तीतही तो तसाच, बंदच राहिला. लादला गेला नाही.

हे सांगताना मला आपल्या पायाखालची जमीन आठवते. आज पेठपाड्याच्या मेट्रो स्थानकावरून खाली पाहिलं की सेक्टरांची आखीव रांग दिसते, आणि त्या आखणीत अडकलेली गावठाणं दिसतात. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईच्या खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. ती कल्पना मोठी होती आणि मला तिचा आदर आहे. पण १९७० मध्ये ८६ गावांच्या जमिनींवर संपादनाची अधिसूचना आधी आली, आराखडा नंतर आला. ज्यांच्या शेतावर तो आखला गेला त्यांच्यापुढे कच्चा नमुना ठेवून ‘कुठं अडतंय ते सांगा’ असं वेळेवर कोणी विचारलं नाही. मग सांगण्यासाठी रस्त्यावर उतरावं लागलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्या लढ्यातून मिळाली. एवढी किंमत देऊन कळवलेली ती चूक होती.

कळवण्याची वाट कायद्यात आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, आणि पुढे त्यांच्यावर सुनावणी होते. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली, तीत आपलं ओवेही आलं. प्रारूपाचा नकाशा भिंतीवर लागतो तेव्हा आपण काय लिहून देतो? ‘आमच्या गावावर अन्याय झाला आहे.’ खरं असतं, पण तेवढ्यानं भागत नाही. अमुक गट क्रमांकातून जाणारा रस्ता अमुक घराच्या ओट्यावरून जातो, पावसाळ्यात पाणी या नाल्यानं येतं आणि तो नकाशात दाखवलेलाच नाही, असं लिहावं लागतं. ते लिहायची सवय कोणत्या शाळेत लागते? आठवीतल्या त्या मुलीला ती लागली आहे. गट क्रमांक तिच्या हाती द्या, बाकीचं तिला येतं.

आणि खेळ व आराखडा यांतला हा दुवा मी जुळवून आणलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक विभागानं आणि मोजांगनं २०१२ पासून ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ या उपक्रमात याच खेळाचा वापर करून वस्त्यांतल्या लोकांकडून सार्वजनिक जागांचे आराखडे करवून घेतले. नैरोबीत झाले, मुंबईतही झाले. नकाशा वाचता न येणारी माणसं ठोकळ्यांत आपला चौक उभा करतात आणि दिवा कुठं हवा, बाक कुठं हवा ते बोट ठेवून दाखवतात. ओव्याचं तळं, देऊळ, गावठाणातल्या बोळी, कडेचे सेक्टर, एवढं जरी मुलांनी या सुटीत ठोकळ्यांत बांधलं, तरी पुढच्या प्रारूपाच्या वेळी सभेत दाखवायला आपल्याजवळ काहीतरी असेल.

यासाठी महागडा संगणक लागेल असं समजू नका. माइनक्राफ्ट विकत घ्यावा लागतो, पण ‘लुआंटी’ नावाचा फुकट आणि खुला पर्याय आहे. फिनलंडच्या पेर्टू अहोला यांनी २०१० मध्ये तो सुरू केला, २०२४ पर्यंत त्याचं नाव ‘माइनटेस्ट’ होतं. तो साध्या संगणकावर आणि फोनवरही चालतो, त्याच्याही पक्क्या आवृत्तीआधी चाचणीची आवृत्ती येते, आणि त्याच्या चुका कोणालाही कळवता येतात. वाचनालयात एक जुना संगणक आणि शेजारी दोन कोऱ्या वह्या ठेवल्या तर सुरुवात होईल. चुकांची नोंद इंग्रजीत द्यावी लागते, ही आपल्या मुलांची खरी अडचण आहे. त्यावर उपाय असा की वहीत ती आधी मराठीत पूर्ण लिहायची. काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. ते पक्कं झालं की मोठ्यांपैकी कोणीतरी मुलांबरोबर बसून तिचं इंग्रजी करायचं. संध्याकाळी सातनंतर त्यासाठी बसायला मी तयार आहे. आणखी कोण बसेल त्यांनी व्याख्यानानंतर संयोजकांकडे नाव द्यावं.