मालवणचे बीच निवडताय? आधी कॅलेंडरवर तिथी बघा

  

गेल्या भागानंतर रिसोडहून एका मित्राचा व्हॉइस मेसेज आला. सहा जण आहेत, सगळे विशी-पंचविशीतले. मे महिन्यात मालवणला चाललेत, तीन दिवस मुक्काम. सहातल्या पाच जणांनी समुद्र अजून बघितलेलाच नाही. रील्स बघून पोरांनी अकरा बीचची यादी केली आणि मला विचारलं, "भाऊ, यातले कोणते ठेवू अन् कोणते काढू?"

मी वाशिमचा, मालवणला चार वेळा जाऊन आलोय. त्यामुळे उत्तर देतो, पण यादी कापायच्या आधी थोडं पाण्याबद्दल बोलू.

आपलं पाणी कसं असतं? पद्मतीर्थ, एकबुर्जीचं धरण, नाहीतर शेतातली विहीर. पावसाळ्यातली पैनगंगा सोडली तर आपलं पाणी उभं असतं. आपल्यातले बरेच पोट्टे पोहायला विहिरीत शिकलेत, कमरेला डबा बांधून. विहिरीत चार हात मारले की कपार हाताला लागते. समुद्रात चार हात मारले तरी कधी कधी किनारा चार हात लांबच जातो. त्यात खाऱ्या पाण्यात शरीर जास्त तरंगतं, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत वाटतं की आपल्याला मस्त जमतंय. हा विश्वास खोटा असतो.

हे घाबरवायला सांगत नाही. १५ एप्रिल २०१७ ला बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची सहल मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर उतरली होती. आठ जण बुडाले. वायरी म्हणजे मालवण आणि तारकर्लीच्या मधला पट्टा. तारकर्लीला जाताना तुम्ही तिथूनच जाणार आहात.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की बीच नावावरून निवडू नका. तिथे जाऊन काय करायचंय आणि किती वाजता करायचंय, त्यावरून निवडा. एकच बीच सकाळी न्हाण्याचा असतो आणि दुपारी नुसता बघण्याचा.

आता वेळ कशी कळणार? त्यासाठी घरातलं कॅलेंडर पुरतं. आपल्या घरात तिथी सगळ्यांना माहीत असते, एकादशी, चतुर्थी, अमावस्या. कोकणातले लोक हीच तिथी भरतीसाठी वापरतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, अमावस्येलाही तेच, कारण वद्य पक्षात मोजणी परत एकपासून सुरू होते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, तासभर इकडेतिकडे होतो. फोनवर भरतीच्या वेळा दाखवणारी अ‍ॅप्सही आहेत, ती बघाच. पण किनाऱ्यावर रेंज गेली तरी तिथी कुठे जात नाही.

यातून एक गोष्ट लक्षात येते, नीट ऐका. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. त्या दिवशी भरती सव्वाअकराला. म्हणजे दुपारी बारापासून पाचपर्यंत पाणी सारखं बाहेर चाललेलं असतं. आणि आपण टूरवाले पाण्यात कधी उतरतो? सकाळी उशिरा उठून, किल्ला बघून, सुरमई थाळी हाणून, दुपारी तीनला. पाणी जोरात बाहेर जात असतं तेव्हाच. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याची चढउतार कमी. त्या दिवसांत दुपारी बारानंतर पाणी चढायला लागतं. सुट्टीच्या तारखा तुमच्या हातात असतील तर अष्टमी-नवमीच्या धरा. (तिकीट मिळत असेल तर, अर्थात. अकोल्याहून नागपूर-मडगाव गाडी कुडाळला सोडते, पण ती रोज नसते. रस्त्याने सातशेच्या वर किलोमीटर आहे, ड्रायव्हर दोन ठेवा.)

आता यादी.

पहिल्या दिवशी लांब जाऊच नका. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाने खोल पाण्यात जायचं नसतं. मालवण गावातच चिवला बीच आहे. रील्समध्ये तो फार दिसत नाही, कारण तो जरा साधा आहे. मला तोच सगळ्यात आवडतो. किनारा वळणदार आणि पाणी त्यामानाने शांत. राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा तिथेच भरते, यावरून ओळखा. आणि सकाळी लवकर गेलात तर रापण बघायला मिळू शकते. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात आणि मग किनाऱ्यावरून दोन बाजूंनी माणसं दोर ओढत आणतात. बराच वेळ चालतं. बाजूला उभं राहून शूटिंग करण्यापेक्षा विचारून दोराला हात लावा. समुद्राचा जोर किती असतो ते त्या दोरातून तळहाताला कळतं, माझ्या बोलण्यातून नाही कळणार.

त्याच संध्याकाळी रॉक गार्डनला सूर्यास्त. तिथे फक्त बसायचं. खडकावर शेवाळ असतं, आणि भरती चढत असेल तर पुढच्या खडकावरून परत यायची वाट पाण्याखाली जाते. सेल्फीसाठी शेवटच्या दगडावर जाणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. तो कोण आहे हे तुम्हाला आत्ताच माहीत आहे.

दुसरा दिवस तारकर्ली, मालवणपासून सहा-सात किलोमीटर. लांबलचक पांढरी वाळू, मागे सुरूची झाडं. न्हायचं असेल तर इथे, पण पाणी चढत असताना, माणसं असतील तिथे, आणि कमरेच्या वर पाणी येऊ द्यायचं नाही. लाटा बघा. सगळीकडे लाटा फुटतायत आणि मधेच एका पट्ट्यात पाणी गुळगुळीत, शांत दिसतंय, तर नवख्या माणसाला वाटतं की हीच जागा चांगली. उलट आहे. किनाऱ्यावर आलेलं पाणी बहुतेक वेळा त्याच पट्ट्यातून परत आत जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दमून जाल. उताणं तरंगा, हात वर करा, ओरडा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं जा. ओढीचा पट्टा फार रुंद नसतो. आणि पाण्यात ओढला गेलेला मित्र दिसला म्हणून लगेच उडी मारू नका. दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका आणि होडीवाल्याला हाक मारा.

तारकर्लीच्या पुढे देवबाग. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी, आणि टोकाला संगम. तुमच्या यादीत हा पहिल्या नंबरवर होता आणि बघायला तो तसाच आहे. पण संगमावर पाण्यात उतरायचं नाही. ओहोटीला अख्ख्या खाडीचं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर पडतं. देवबाग होडीतून बघा, लाइफ जॅकेट घालून, बकल लावून. नुसतं खांद्यावर टाकलेलं जॅकेट फोटोपुरतंच. त्सुनामी आयलंड म्हणतात ती नदीतली वाळूची पट्टी आहे, भरतीला पाण्याखाली जाते. तिथे किती वाजता जायचं हे परत तिथीवरच आलं.

तिसऱ्या दिवशी दोनपैकी एक. गर्दीचा कंटाळा आला असेल तर तोंडवळी-तळाशील. तिथेही एकीकडे खाडी, एकीकडे समुद्र, माणसं कमी. माणसं कमी म्हणजे वाचवायलाही कमी, त्यामुळे तिथे फक्त चालायचं. नाहीतर देवबागसमोर कर्लीच्या पलीकडे भोगवे आहे. डोंगरावरून दिसणारा त्याचा वळसा मला अख्ख्या सिंधुदुर्गात आवडतो. होडीने काही मिनिटं, रस्त्याने गेलात तर परुळ्यावरून मोठा फेरा. घरची मोठी माणसं सोबत असती तर मी कुणकेश्वर सांगितलं असतं. देवळातून थेट समुद्र दिसतो, आजीचं दर्शनही होतं आणि वाळूही. तुम्ही सहा पोट्टे आहात, पुढच्या वेळी आई-बाबांना घेऊन जा.

बाकीचे सगळे काढा. अकरा बीच बघणारा माणूस तीन दिवस गाडीतच बसतो.

मे बद्दल अजून थोडं. आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, तिकडे आकडा कमी दिसतो म्हणून फसू नका. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि भर दुपारी वाळूत अनवाणी दोन पावलं टाकून बघा. महिन्याच्या शेवटाकडे समुद्र खवळायला लागतो आणि पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या, वॉटर स्पोर्ट्स सगळं बंद असतं. त्यामुळे जमलं तर पहिल्या पंधरवड्यात जा.

आणि रोज सकाळी निघताना ज्यांच्या घरी उतरलात त्यांना विचारा. गेल्या वेळी आम्ही टॉवेल खांद्यावर टाकून निघालो होतो. काकी तुळशीला पाणी घालत होत्या. आकाश स्वच्छ, काही वावगं दिसत नव्हतं. काकी मान वर न करता म्हणाल्या, "आज जाव नकात. वारो बरो नाय." आमच्यातल्या एकाने विचारलं, "का हो काकी, ऊन तर छान पडलंय?" त्या म्हणाल्या, "उन्हाक काय विचारतास?" आम्ही टॉवेल ठेवले आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीची चौकशी करायला जेटीवर गेलो. होड्याही त्या दिवशी सुटल्या नाहीत.

तर रिसोडकर, तारखा पक्क्या झाल्या की तिथी बघून मला कळवा, मी वेळा मोजून मेसेज करतो. आणि बाकीच्यांनी सांगा, तुमच्या ग्रुपमधून पहिल्यांदा समुद्र बघायला कोण चाललंय. भेटू पुढच्या भागात.