परदेशी शिक्षणासाठी इंग्रजीची परीक्षा : समज आणि गैरसमज

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणी कामगार. शाळा नववीत सुटली, पुढचं शिक्षण पाळी संपल्यावर वाचनालयात झालं. असा माणूस इंग्रजीच्या परीक्षेवर काय बोलणार, असं काहींच्या मनात येईल. आम्ही ही परीक्षा दिलेली नाही, हे आधीच सांगतो. पण आपल्या वस्तीतल्या एका मुलीचं प्रकरण आम्ही जवळून पाहिलं. तिच्या शेजारी बसून, शब्दकोश घेऊन एकेक कागद वाचला. त्यातून जे कळलं ते समाजापुढे ठेवणं आम्ही कर्तव्य समजतो.

मुलगी हुशार. इंग्लंडच्या एका विद्यापीठाने तिला प्रवेश देऊ केला. अट अशी की आयईएलटीएस परीक्षेत सरासरी ६.५ पाहिजे आणि कोणत्याही भागात ६ पेक्षा कमी नको. निकाल आला. ऐकणे ८, वाचणे ७.५, बोलणे ६.५, लिहिणे ५.५. सरासरी धरली गेली ७. वस्तीत पेढे वाटले. आठ दिवसांनी पत्र आलं, प्रवेश नाही! पेढे वाटणाऱ्यांत आम्हीही होतो. अटीचा दुसरा भाग कुणी नीट वाचलाच नव्हता.

तेव्हा पहिला गैरसमज हा, की ही पास-नापासाची परीक्षा आहे. तसं नाही. गिरणीत सुताला नंबर असतो. २० नंबरचं सूत जाड कापडाला, ६० नंबरचं तलम कापडाला. सूत पास झालं असं कुणी म्हणत नाही, कोणत्या कापडाला कोणता नंबर लागतो ते बघतात. इथेही ० ते ९ असे नंबर आहेत, मध्ये अर्धे अर्धे. कोणत्या विद्यापीठाला किती लागतो, तो ज्याचा त्याचा नियम. म्हणून विद्यापीठ आधी ठरवा, परीक्षा नंतर. कुणी टोफेल मागतं, कुणी आयईएलटीएस. काही ठिकाणी पदवी इंग्रजी माध्यमातून झाल्याचं पत्रही चालतं. आधी विचारा, मग पैसे भरा. निकाल दोनच वर्षं चालतो.

आता परीक्षा कशी असते ते सांगतो. ऐकण्याचे ४० प्रश्न, ध्वनिफीत एकदाच वाजते. दोन शब्दांत उत्तर मागितलं आणि तीन लिहिले तर चूक. स्पेलिंग चुकलं तरी चूक. वाचण्याचे ४० प्रश्न, वेळ एक तास. त्यात विधान खरं, खोटं की उताऱ्यात दिलेलंच नाही, असं विचारतात. आपल्याला माहीत आहे म्हणून खरं लिहायचं नाही, उताऱ्यात काय आहे तेवढंच बघायचं. लिहिण्यालाही एक तास. एखादा तक्ता किंवा आलेख समजावून १५० शब्द, आणि एका प्रश्नावर निबंध २५० शब्द. निबंधाला दुप्पट वजन. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची, समोर माणूस बसतो. साहेबासारखे उच्चार लागत नाहीत. समोरच्याला आपलं बोलणं सहज कळलं पाहिजे.

या मुलीने शहरातल्या एका क्लासला पैसे भरले होते. त्यांनी पंचवीस निबंध पाठ करायला दिले. पाठ केलेला निबंध विचारलेल्या प्रश्नाला जुळत नाही आणि तपासणारा ते ओळखतो. तिथेच ती अडकली. मग तिने क्लास सोडला आणि रोज एक प्रश्न घेऊन, घड्याळ लावून स्वतः लिहू लागली. दुसऱ्या खेपेला लिहिण्यात ६.५ मिळाले. ती गेली, शिकते आहे. पण एक वर्ष वाया गेलं आणि बापाला पुन्हा फी भरावी लागली.

मित्रहो, १९१३ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तेव्हा या परीक्षा नव्हत्या. टोफेल १९६४ ची, आयईएलटीएस १९८९ ची. आज आपल्या राज्यात राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. २००३ साली ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली, वर्षाला ७५ जागा. पण तिला प्रवेशाचं पक्कं पत्र लागतं. इंग्रजीची अट शिल्लक असेल तर पत्र कच्चं, आणि पत्र कच्चं तर अर्जच बाद. म्हणजे अर्ध्या नंबराने प्रवेश जातो, आणि प्रवेशाबरोबर शिष्यवृत्तीही जाते.

म्हणून आमच्या तीन सूचना. एक, मुलगा-मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच पासपोर्ट काढा. परीक्षेला तोच ओळखीचा कागद लागतो. गुणपत्रिकेवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एक असू द्या. दोन, विहाराच्या अभ्यासिकेत रोज संध्याकाळी एक तास मुलांनी आपसात फक्त इंग्रजीत बोलावं. चुकलं तर कुणी हसायचं नाही. आमची मुलं बुद्धीला कमी नाहीत, ती लाजेने गप्प बसतात आणि मागे पडतात. तीन, जी मुलं जाऊन आली त्यांनी वर्षातून दोन रविवार या विहाराला द्यावेत.

आम्हाला इंग्रजी पेपर वाचायला दहा वर्षं लागली, शिकवणारं कुणी नव्हतं. तुम्हाला एवढी वर्षं लागू नयेत, म्हणून ही अभ्यासिका आपण वर्गणी काढून उभी केली. तिचा दिवा रात्री उशिरापर्यंत जळू द्या. विजेचं बिल आम्ही कामगार भरू.

जय भीम! नमो बुद्धाय!